सोपानच्या पानातली एक ओळ

माझा तांदूळ विकायची वेबसाइट मी स्वतःच बनवली. पौडचा सोपानही तांदूळच विकतो, तरी त्यानं मोठ्या मनानं स्वतःच्या वेबसाइटचं पान नमुना म्हणून उतरवून घ्यायला दिलं होतं. पुढं कितीतरी जणांनी माझ्या पानाची लिंक दिली, पण गूगलवर तांदूळ शोधला की सगळ्यात वर सोपानचंच पान. भर स्टँडवर मी त्याला धरलं.

“माझं गिऱ्हाईक पळवतोस व्हय रं?”

“न्हाई रं, आईशप्पथ!”

माझ्या भाडेकरू बाई कॉम्प्युटरवाल्या. त्यांनी पान तपासलं.

“काका, ह्या कॅनॉनिकल टॅगच्या ओळीत तुम्हीच गूगलला सांगितलंय, मूळ पान सोपानरावांचं, तुमचं नुसती नक्कल. लोकांनी तुम्हाला दिलेल्या लिंकांचं वजन त्यांच्या पदरात पडतंय.”

उतरवताना ती ओळही आली होती. मी ती मिनिटात पुसली. सोपान मात्र अजून मला बघून रस्ता ओलांडतो.