कापलेलं कीर्तन

रामाजी : नाई बेटा, तो मोबाईल पर्समध्ये ठेव. मी पाह्यलो. चार वेळा पाह्यलो. साऱ्या गावानं पाह्यलं.

तबस्सुम : काका, तुम्ही चॅनलवरचं पाह्यलं. मी पाठवलेलं हे आहे. पुरे सतरा मिनिटं. एक बार बघा तर.

रामाजी : मले काऊन दाखवते? कीर्तन तर मीच केलो.

तबस्सुम : ते बी खरं.

रामाजी : सोमवारी, मारुतीच्या देवळापुढं. तू समोर चटईवर बसून शूटिंग करून राह्यली होती. मले किती बरं वाटलं सांगू! म्हणलो, माझी पेटी ज्यानं जन्मभर दुरुस्त केली त्या गुलाम रसूलची पोरगी बल्लारपुरावरून आली, आता देवाचं नाव दूर जाईल. मी निरूपणात काय म्हणलो, सांग बरं.

तबस्सुम : काका, शरम येते आता.

रामाजी : सांग.

तबस्सुम : तुम्ही म्हणाले, मोहाचं झाड फूल देताना जात विचारत नाई, देव त्याच्यापेक्षा येगळा नाई. ज्याले ज्याले हे जंगल राखाचं आहे, त्यानं दोन्ही हात वर करून नाव घ्या.

रामाजी : मग?

तबस्सुम : मग सगळ्यांनी हात वर केले. गजर झाला.

रामाजी : अन् तुमचा तो टीव्हीवरचा कोटवाला काय बोलला? त्याच्यासारखंच बोल.

तबस्सुम : 'हात उंचावून गावकऱ्यांचा लोहखाणीला एकमुखी पाठिंबा.'

रामाजी : अन् माझा आवाज?

तबस्सुम : बंद केला. वर म्युझिक टाकलं.

रामाजी : ताशा टाकला, ताशा! चाळीस वर्षांत माझ्या कीर्तनात ताशा वाजला नाई. एक पेटी, एक मृदंग अन् झिंगूचे टाळ, संपली फौज. अरे, कीर्तनात पूर्वरंग जो लावला, त्याचीच कथा उत्तररंगात सांगा लागते. यायनं पूर्वरंग माझा घेतला, उत्तररंग सेठचा जोडला. असं पाप तर दारू पिऊन कीर्तन करणारा बी नाई करत.

तबस्सुम : मी कालपासून डेस्कले सात फोन केले, काका.

रामाजी : डेस्क म्हणजे कोण?

तबस्सुम : बातमी कापतात, जोडतात, ते लोक. म्हणलं, चूक झाली एवढी एक ओळ तर चालवा. तर म्हणे, तबस्सुम, व्हिज्युअल मस्त होते, असेच पाठवत जा. मी भांडली. तर म्हणे, वरून आलं आहे.

रामाजी : वर तर देव राह्यते.

तबस्सुम : यायच्या वर सेठ राह्यते. ज्याचं चॅनल, त्याचीच खाण येऊन राह्यली इथी.

रामाजी : हे तुले आज समजलं?

तबस्सुम : नाई. दोन वर्षांपासून माहीत आहे. म्हणूनच खाणीची बातमी पाठवणं मी सोडून दिलं होतं. चॅनलवर लागायचीच नाई. मग म्हणलं, कीर्तन पाठवू. कीर्तनात कोण हात घालते? भक्तीची बातमी म्हणून ते लावतील, अन् तिच्या आडून जंगलाचं बोलणं निघून जाईल. कसम से काका, मले वाटलं मी लय हुशारी केली.

रामाजी : अन् त्या हुशारीत माझं गाव गेलं! आमची बुधरी... तुझी काकी. पहिल्यांदा टीव्हीवर सोतःले पाह्यलं तर हरखून गेली. शेजारणीले हाक मारली. अन् मग चूल फुंकता फुंकता मले विचारते, 'अजी, आपण खाणीले हो म्हणलो होतो का?' हात तिचा, तोंड तिचं, समोर नवरा उभा, अन् ते टीव्हीले खरं मानून राह्यली!

तबस्सुम : काकींची काय चूक?

रामाजी : चूक कोणाचीच नाई म्हणशील तर मी रागवू कोणावर? मारुतीवर?

बायनाबाई : कोणावर बी रागवा महाराज, पण बसल्या बसल्या नका रागवू. साडेअकरा झाले. खाणीच्या ग्रामसभेत चौसष्टच माणसं आहेत.

रामाजी : ये सरपंचबाई. चौसष्टच?

बायनाबाई : यादीत दोनशे बारा नावं. निम्मी आली तरच सभा. एकशे सहा पाह्यजेत. डोंगरावरच्या टोल्याच्या वस्तीतलं चिटपाखरू नाई. अन् हे कोण? टीव्हीवाली? ये माय, बस. आणखी कोणाचा आवाज बंद कराचा राह्यला?

तबस्सुम : बोला बाई, तुमचा हक आहे.

बायनाबाई : हक आहे, वेळ नाई. तालुक्याचे साहेब एक वाजता उठतात. माणसं नाई भरली तर 'कोणी हरकत घ्यायले आलं नाही' असं लिहून घेऊन जाईन म्हणतात.

रामाजी : टोल्यावर निरोप नाई गेला का?

बायनाबाई : निरोप कशाचा, मी सोतः गेल्ती. टोल्यावर ज्याचं सारे ऐकतात तो पोचू म्हणते, सभा तर सोमवारीच झाली, टीव्हीवर पाह्यली. आता आमचा अंगठा काय नैवेद्याले पाह्यजे?

रामाजी : पोचू तिथीच होता! दुसऱ्या ओळीत बसून रडत होता तो!

बायनाबाई : तेच म्हणलं मी. तर म्हणते, 'महाराज गोड बोलले, मी रडलो. मनातून त्यायनं कोणासाठी हात वर करायले लावले, मले काय माहीत?'

रामाजी : ...असं म्हणला?

बायनाबाई : म्हणला. आता तोंड नका पाडू. आमदाराचं ऐका. परवापर्यंत म्हणे, बाई, मी तुमच्यासोबत, विधानसभेत प्रश्न टाकतो. आज फोनवर म्हणते, जनताच तयार आहे तर मी आडवा काऊन येऊ? अन् विरोधातला त्याच्यापेक्षा शहाणा. त्यानं चौकात बॅनर लावला, 'जनभावनेचा आदर करू'. निवडणूक आहे ना तोंडावर. दोघायलेबी जनता टीव्हीतच भेटली.

तबस्सुम : बाई, मी टोल्यावर येते. हे पुरं रेकॉर्डिंग आहे, आवाजासकट. पोचूभाऊले ऐकवते.

बायनाबाई : मोबाईल दाखवशील? एका काचेनं फसवलं, आता दुसरी काच म्हणते मी खरी. कोण मानते?

तबस्सुम : मग काय करू?

बायनाबाई : तोंडानं सांग. उभी राहून. मी काढलं, माझ्या लोकायनं कापलं, असं म्हण. अन् तेच इथी रजिस्टरात लिहून दे, सहीसकट.

रामाजी : बायना, तिची नोकरी जाईल.

बायनाबाई : आपलं जंगल जाऊन राह्यलं, महाराज.

रामाजी : तिच्या घरी एकटीची कमाई आहे. बापाचे हात थरथरतात आता, पेटीचा सूर नाई लागत त्याले. मी तिले असं कर म्हणणार नाई. मी एकटा जातो टोल्यावर, पोचूच्या पायावर डोकं ठेवतो.

तबस्सुम : तुम्ही काऊन ठेवता? तुमच्या कीर्तनात मी लहानपणापासून बसून राह्यली. अब्बा पेटी द्यायले यायचे अन् मी प्रसादासाठी. बाई, गाडीवर बसा मागे. रस्ता कोणता, नाल्यातून का वरून?

बायनाबाई : नाल्यातून. पदर खोसू दे, थांब.

(टोल्यावरून दोघी परतल्या तेव्हा दीड वाजत आला होता.)

रामाजी : मोजले मी. तीन वेळा मोजले. टोल्यावरचे धरून एकशे तीन.

बायनाबाई : अन् साहेब?

रामाजी : आत्ताच गाडीत बसले. हात जोडले मी. म्हणलो, साहेब, लोक डोंगर उतरून येऊन राह्यले, आणखी दहा मिनिटं. तर म्हणते, महाराज, तुमचं तर टीव्हीवर झालंच आहे, काऊन त्रास घेता?

बायनाबाई : मग काय लिहून नेलं?

रामाजी : हरकत नाई असं लिहीत होते. झिंगू गाडीपुढं आडवा बसला. उठेचना. मग खोडलं अन् लिहिलं, सभा तहकूब, पुढची गुरुवारी.

तबस्सुम : तीन माणसं, काका. फक्त तीन. जाताना नाल्यात गाडी फसून उशीर झाला नसता तर...

रामाजी : असू दे बेटा. पोचू आला?

बायनाबाई : आला. तो पाहा, चिंचेखाली. हिचं ऐकून काठी उचलली अन् चालू लागला.

रामाजी : माझ्याकडं पाहत नाई.

बायनाबाई : आज येऊन बसला हे लय झालं. पाहील हळूहळू. चल पोरी, रजिस्टर काढलं आहे. तुले सभेत मोजता येत नाई, तुझं नाव आमच्या यादीत नाई. पण जबानी लिहून घेते. तबस्सुम गुलाम रसूल, राहणार बल्लारपूर. पुढं? पत्रकार लिहू ना, चॅनलचं नाव सांग.

तबस्सुम : चॅनल नका लिहू. टोल्यावर मी बोलत होती तेव्हाच कोणीतरी व्हिडिओ पाठवला तिकडं. मले कामाच्या ग्रुपमधून काढलं त्यायनं.

रामाजी : या अल्ला... या देवा.

बायनाबाई : मग कोण म्हणून लिहू?

तबस्सुम : सोमवारी कीर्तनाले हजर होती, असं लिहा.