कडुनिंबाच्या डहाळ्या

देवीचा रोग एकट्या सरकारनं घालवला म्हणता? मग ऐका. मध्यभारत राज्य होतं त्या काळात इंदूरच्या एका गिरणीचाळीत देवी आल्या. रोगी असलेल्या दारावर बायका कडुनिंबाची डहाळी बांधत, म्हणजे तिकडे कुणी फिरकत नसे. आरोग्य खात्याच्या साहेबांनी अंधश्रद्धा म्हणून सगळ्या डहाळ्या उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी रोग्यांच्या शेजारच्या पोरांना आधी लस टोचायची, तर साहेबांना घरंच ओळखू येईनात.

त्यांनी चाळीतल्या गंगूकाकूंना विचारलं, "रोगी कुठं आहेत?"

"साहबजी, कालपर्यंत दारावरच दिसत होतं."

"दारांवर लावायला लाल पाट्या मागवल्यात. फाइल राजधानीत, ग्वाल्हेरला आहे."

"फाइल थांबेल, देवी नाही थांबायची," म्हणत काकूंनी पुन्हा डहाळ्या बांधल्या. संध्याकाळपर्यंत पोरं टोचून झाली.

साहेबांचा अहवाल मी स्वतः वाचलाय: 'रोगग्रस्त घरांवर विभागाने हिरव्या खुणा लावल्या.'