चोवीस तारखेचं पान

(मिरजगाव. निकिताचं कॉम्प्युटर सेंटर. सकाळचे अकरा.)

भागवतकाका : म्हंजी दहाव्याच्या निमंत्रनाचं पान तू बनवायच्या आदीच कुनीतरी वेबसाइटीवर बगाया आलं?

निकिता : आलं आणि परत गेलं. पानच नव्हतं ना. पण कुठल्या पानाचा पत्ता मागितला, ते मशीनमध्ये नोंदलेलं राहतं. हे बघा.

भागवतकाका : ह्यात तर नुसतेच टक्के हायेत. निवडनुकीचा निकाल हाय का काय?

निकिता : नाव मराठीत आहे, काका. पत्त्यात मराठी अक्षर जसंच्या तसं जात नाही. एकेका अक्षराचे तीन तुकडे करून, प्रत्येकाला टक्क्याचं चिन्ह लावून पाठवतात. पलीकडं ते परत जुळवायचे.

भागवतकाका : हनुमंत गेला त्या टायमाला बी आसंच आल्तं म्हनालीस.

निकिता : सकाळी आलं. मला वाटलं, माझाच प्रोग्रॅम चुकला, म्हणून जुळवलंच नाही. दुपारी तुम्ही त्यांचा फोटो घेऊन दारात.

भागवतकाका : आधार कार्डाचा. घरात दुसरा न्हवताच. त्यात तो जित्तेपनीच गेल्यावानी दिसत हुता. बरं, ह्ये कवा आलंय?

निकिता : आज सव्वानऊला. आकड्यांचे तुकडे होत नाहीत, ते तसेच राहतात. शेवटी बघा. चोवीस.

भागवतकाका : चोवीस म्हंजी दहाव्याची तारीख.

निकिता : आपण पत्त्यात नाव आणि तारीखच तर घालतो.

भागवतकाका : चोवीसला दहावा, म्हंजी मानूस जानार पंधराला. आज काय हाय?

निकिता : पंधरा.

भागवतकाका : पन गावात आजून कुनीच गेलं न्हाई. गेलं आसतं तर पयला फोन मला. फोटो आनायचं काम माजंच हाय.

निकिता : म्हणून तुम्हाला बोलावलं.

भागवतकाका : मग जुळीव की पोरी. नाव कळलं तर दवाखान्यात तरी घालता यील. गाडी भाईरच हाय. बनुबाई आसंल, लई थकलीय. न्हाईतर बिभीषन. त्याला कालपास्नं दम लागतोय.

निकिता : काका, तुम्ही आधी खुर्चीत बसा.

भागवतकाका : बसाया येळ हाय का? जुळीव.

निकिता : जुळवलंय. तुम्हाला फोन करायच्या आधीच. गाडीची किल्ली द्या इकडं, मी चालवते. नगरला जाऊन तुम्हाला दाखवून येऊ.

भागवतकाका : मला तर कायबी हुत न्हाई.

निकिता : हो. किल्ली द्या.

भागवतकाका : घे. आन ही पर्स बी ठिव तुज्याजवळ. आत फेट्यातला फोटो हाय, थोरल्याच्या लग्नातला. त्योच लाव.