पंख्याच्या विमानाचा आवाज

वाघोलीत कानाच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. समोर एक आजी-आजोबा. छतावरून विमान घुमत गेलं.

“ऐकलंस? पंख्याचं विमान.”

“ते बरं ऐकू येतं! मी सकाळपासून गोळी घ्या, गोळी घ्या म्हणून ओरडतेय, ते नाही!”

“अगं, पंख्याची पाती हवेला भराभर तडाखे देतात. ते एकमेकांत मिसळून जाड घूंऽऽ होतं. ते येतं ऐकू. जेटची शिट्टी नाही येत. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात.”

“आणि माझा बारीक.”

“ओरडलीस की आणखी बारीक होतो. मग नुसते ओठ हलताना दिसतात.”

“मला वाटायचं, तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं.”

“ओठ दिसावेत म्हणून तर हल्ली जेवायला तुझ्यासमोर बसतो.”



“श्यामसुंदर केतकर!” काउंटरवरच्या मुलीने हाक मारली. आजोबा ढिम्म.

“अहो!”

आजोबा ढिम्मच. मग आजी त्यांच्या कानाशी वाकल्या आणि अगदी जाड, खालच्या आवाजात म्हणाल्या,

“श्यामसुंदर, चला.”

आजोबा वळले.

“नाव घेतलंस?”

“ऐकू आलं?”

“पुन्हा घे.”