नव्या बॉयलरची भाकरी

माझ्या घाबरटपणाला तुम्ही हसता, पण त्या दिवशी खरंच कारण होतं. आमचे मामा सोलापूरला इंजिन ड्रायव्हर. प्रयोगासाठी आलेलं नवं इंजिन केम स्टेशनपर्यंत नेऊन आणायचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब नेहमीच्या दुप्पट, हे ऐकून मी म्हटलं, "मामा, जाऊ नका. बॉयलर फुटेल. आम्हाला कॉलेजात शिकवलंय."

"तुमच्या कॉलेजात इंजिन हाय व्हय?" म्हणत ते डबा घेऊन गेले.

संध्याकाळी इंजिन परतलं, तेव्हा मी फलाटावरच होते. वाफ फुसकन सुटली आणि मी किंचाळले. मामा तोंड पाडून उतरले.

"बॉयलर नापास!"

"फुटला?"

"फुटतोय कशाचा! नेहमीसारखा डबा भट्टीच्या दारावर ठेवला, तरी भाकरी गारच की!"

बॉयलर बनवणारे साहेब शेजारीच होते. त्यांना मी इंग्रजीत सांगितलं, तर ते आनंदाने टाळ्याच वाजवायला लागले. उष्णता बाहेर जाऊ नये, म्हणूनच त्यांनी भट्टीला जाड आवरण घातलं होतं.

मी मामांना ते समजावलं. मामांनी डबा पुढे केला. "लई आनंद झालाय न्हवं? मग ही भाकरी त्यालाच खाऊ दे म्हणावं."

एवढं मात्र मी इंग्रजीत सांगितलं नाही.