भिया, पीछे देख!

हसू नका हं, पण माझं पहिलं सिनेपरीक्षण लिहिण्याआधीच बुडणार होतं. आयर्लंडला शिकायला गेले, तेव्हा कॉलेजच्या मासिकाची संपादक एलिनॉर मला भुताच्या सिनेमाला घेऊन गेली. म्हणाली, "चांगलं लिहिलंस, तर पुढचे सिनेमेही तुलाच."

आपल्या देवासला निम्मे संवाद प्रेक्षकच म्हणतात. तिथे एवढी शांतता, की मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. पडद्यावर नायक तोंड धूत होता आणि मागच्या कपाटातून एक हात हळूच बाहेर आला. मी दचकून उभीच राहिले आणि ओरडले, "भिया, पीछे देख!"

सगळं थिएटर वळून माझ्याकडे बघायला लागलं. मला वाटलं, संपलं आपलं परीक्षण.

बाहेर आल्यावर एलिनॉरनं विचारलं, "काय ओरडलीस?"

मी घाबरत अर्थ सांगितला, "दादा, मागे बघ!" ती हसतच सुटली. "आम्ही सगळे गप्प बसून त्याला मरू देत होतो! हेच लिही."

लिहिलं आणि छापूनही आलं. आनंदानं देवासला फोन लावून आईला सगळं सांगितलं.

ती काळजीनं म्हणाली, "ते राहू दे गं. त्यानं मागे बघितलं का?"