बेशुद्ध माणसाला पाणी

...आता तुमीच सांगा, रिकाम्या वेळात मोबाईल हातात घेतला, हा काय गुन्हा झाला? पोरगी माजी, शिवांजली, बीडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. उद्या पेपर. पास झाली तर लातूरच्या दवाखान्यात नोकरी, न्हाईतर मंग बसा सहा म्हयने घरी. पेपर तिचा, अन् भेव मला.

तिच्या मॅडमनी सरावाचं अ‍ॅप टाकून दिलं, ते माज्याच फोनात, कारण घरात धड फोन एकच. लई हुशार हाय ते, तुमाला सांगतो, जे चुकतं तेच फिरून फिरून इचारतं. सकाळी पोरगी प्रश्न सोडवती, दिवसभर फोन माज्याजवळ किराणा दुकानात. अन् आमच्या नेकनूर गावाला दुपारचं गिऱ्हाईक कुटलं? मी बी दाबायलो. 'पेशंट बेशुद्ध, रक्तातली साखर उतरलीय, आधी काय कराल?' म्हणलं सोपं हाय, पाणी पाजा. चूक. पुन्हा आला प्रश्न, पुन्हा पाणी, पुन्हा चूक. आता चक्कर आलेल्याला पाणी न्हाई पाजायचं तर काय पाजायचं?

काल पोरगी रडायली. 'अप्पा, तयारी एकतीस टक्के म्हणतंय. मी न्हाई जात पेपरला.' आमच्या घरच्या नीलाबाई माज्याकडं बघून म्हणतेत, 'अन् तुमी कावून घाम पुसायलाव?' कावून म्हंजी... पेपर तिचा, अन् भेव मला.

शेवटी बोललो, 'पोरी, ती पाणी पाजणारी नर्स मी हाय.' पोरीनं असं बघितलं... दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं. मंग नवं खातं उघडलं, तासभर बसली, शंभरात शहाऐंशी. तवा कुठं हसली. म्हणली, 'अप्पा, बेशुद्ध माणसाला गिळता येत न्हाई, पाणी छातीत जातंय. मरतंय माणूस.'

मरतंय? अहो, मागल्या उन्हाळ्यात शेजारचे आश्रुबा दुकानापुढं बेशुद्ध पडलते, मीच तांब्याभर ओतलं तोंडात! वाचले ते त्यांच्या नशिबानं. कालपासून तांब्याला हात लावायचं भेव वाटतंय. त्यात पोरीचा हुकूम, 'जुनं खातं तुमचं, रोज वीस प्रश्न, मंगच ताट.'

आत्ताच बघा, ऊन मी म्हणतंय, आश्रुबा पायरीवर टेकले. 'चन्नप्पा, गरगरायलंय, पाणी दे.' मी तांब्या धरून उभा. म्हणलं, 'आश्रुबा, आधी तुमचं नाव सांगा.' त्यांनी त्यांचं न्हाई सांगितलं, माज्या बापाचं घेतलं, शिवीसकट.

म्हणलं, शुद्धीत हाय. दिलं पाणी.